पेन्सिल न वापरणाऱ्या झोकरकर मॅडम

गेल्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, भोपाळच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील प्रमिला झोकरकर उभ्या राहिल्या आणि आपल्याच बाजूच्या पहिल्या साक्षीदाराबद्दल न्यायाधीशांना म्हणाल्या, "श्रीमान, इस गवाह को स्वतंत्र कहना ठीक नहीं होगा."

खटला लाच घेतल्याचा होता. आरोपी दोन: केंद्र सरकारच्या एका कार्यालयातले मुख्य अभियंता आणि त्यांचे स्वीय सहायक. खटला चालवत होती केंद्राची भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा, आणि मॅडम त्याच यंत्रणेच्या भोपाळ शाखेच्या वकील होत्या. मागच्या बाकावर शाखेचे पोलीस अधीक्षक राठौर बसले होते. बचावपक्षाचे वकील आक्षेप घेण्यासाठी अर्धे उठले होते; कशाला आक्षेप घ्यायचा ते न कळून तसेच राहिले.

मी ती सुनावणी एका हिंदी दैनिकासाठी लिहून घेत होतो. कोर्टाच्या बातम्या करताना मी पुष्कळ वकील पाहिले. समोरच्याचा साक्षीदार पाडणारे पाहिले, स्वतःचा साक्षीदार उलटल्यावर घाम पुसणारे पाहिले. चांगल्या चाललेल्या खटल्यात, कोणी विचारलं नसताना, स्वतःच्या पायाखालची फळी स्वतः काढून दाखवणारा वकील त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

झोकरकर मॅडम इंद्रपुरीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. माहेर उज्जैनचं, वडील शाळामास्तर. लग्न होऊन भोपाळला आल्या, त्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये. पती विनायकराव शेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी इंद्रपुरीत घर बांधलं. कॉलनीत त्या प्रमिलाताई, कोर्टात मॅडम. दोन्हीकडे आवाज एकच, खालच्या पट्टीतला. रागावल्या की तो आणखी खाली जाई, आणि समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे. अनेक बड्या लोकांना मी त्यांच्यासमोर असं वाकलेलं पाहिलं आहे.

आरोपीला त्या कधीच 'आरोपी' म्हणत नसत. 'आरोप असलेले गृहस्थ' म्हणत. हिंदीत बोलताना 'वो सज्जन'. शाखेतले तरुण निरीक्षक त्याची नक्कल करत. मॅडमना ते माहीत होतं.

आमच्या दैनिकात एकदा 'रिश्वतखोर बाबू धराया' असा मथळा लागला होता. सकाळी त्यांचा फोन आला.

"निकाल लागला का?"

"नाही ताई, कालच तर सापळ्यात सापडला."

"मग 'रिश्वतखोर' हे कोणी ठरवलं? तुमच्या उपसंपादकांनी?"

"ताई, तुमच्याच लोकांनी पकडलंय त्याला."

"आमच्या लोकांनी पकडलं म्हणजे आमच्या लोकांना तसं वाटतं. खरं आहे की नाही, ते बघायला मला पगार मिळतो. तुम्ही माझं काम फुकटात करू नका."

फोन ठेवला गेला. त्यानंतर आमच्या डेस्कवर कोणी तो शब्द निकालाआधी वापरला नाही. नियम केला नव्हता. फोनची भीती होती.

शाखेतला त्यांचा दबदबा मात्र वेगळ्या कारणासाठी होता. या यंत्रणेत तपास पोलीस अधिकारी करतात. तपास झाला की फाइल वकिलाकडे येते, आणि पुरावा पुरेसा आहे का, कोणावर खटला भरावा, हे वकील लिहून देतो. त्याला 'राय' म्हणतात. वकील अधीक्षकांच्या हाताखाली असतो आणि त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल अधीक्षकच लिहितात. यातून भोपाळ शाखेत एक रीत पडली होती. वकील आधी पेन्सिलने राय लिहीत. ती फाइल साहेबांकडे जाई. साहेब 'ज़रा देख लीजिए' म्हणत. मग पेन्सिल खोडली जाई आणि साहेबांना हवं ते शाईत उतरे. संगणक आल्यावर टंकलेखन बदललं, रीत बदलली नाही. छापील मसुद्यावर शेवटचा परिच्छेद तेवढा कोरा सोडत आणि तिथे पेन्सिल चाले. यात कोणाला काही गैर वाटत नसे. नव्या वकिलाला जुना वकील पहिल्या आठवड्यात रबर देई, विनोद म्हणून.

मॅडमनाही ते मिळालं होतं. त्यांनी ते शेजारच्या मुलीला चित्रकलेसाठी दिलं आणि पहिल्या दिवसापासून राय शाईत लिहिली. त्यांचं म्हणणं इतकंच होतं: साहेबांना ती अमान्य करण्याचा अधिकार आहे, तो त्यांनी वापरावा, खाली सही करून कारण लिहावं. पण खोडायला लावू नये. एका अधीक्षकांनी त्यांना विचारलं होतं, "मैडम, आपको मेरी बात मानने में दिक्कत क्या है?" त्या म्हणाल्या होत्या, "मानने में नहीं है, सर. अपनी बात आपकी बनाकर लिखने में है."

हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. शाखेतल्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते जुळलं.

मुख्य अभियंत्यांच्या प्रकरणातही तसंच झालं. एका ठेकेदाराने तक्रार केली होती की त्याचं बिल लाचेसाठी अडवलं आहे. सापळा लावला गेला. पैसे घेताना स्वीय सहायक सापडला. मुख्य अभियंता शेजारच्या खोलीत होते. ठेकेदाराच्या फोनमधल्या ध्वनिमुद्रणात पैसे मागणारा आवाज मात्र त्यांचा होता. राठौर साहेबांचं मत होतं की सहायकावर दोषारोपपत्र दाखल करावं आणि थांबावं. बड्या अधिकाऱ्यावर खटला भरायला त्याच्याच मंत्रालयाची मंजुरी लागते.

"मंजुरी नहीं आएगी, मैडम," ते म्हणाले. "छोटा तो पक्का है. बड़े के चक्कर में छोटा भी लटक जाएगा."

"आवाज़ किसका है, सर?"

"आवाज़ तो उन्हीं का है."

"तो फिर राय में मैं क्या लिखूँ? कि सुनाई नहीं दिया?"

त्यांनी दोघांवर खटला भरावा असं लिहिलं, शाईत. राठौर यांनी खाली असहमती लिहिली, सही केली आणि दोन्ही मतं दिल्लीला पाठवली. हे नोंदवायला हवं, कारण ते तसं न करता फाइल ठेवून देऊ शकले असते. दिल्लीने वकिलाचं मत उचललं. मंत्रालयाची मंजुरी आली, ती इतक्या उशिरा की दरम्यान ठेकेदाराचा धंदा बसला होता. पण आली. शाखेतल्या जुन्या माणसांना इतक्या वरच्या पदावरच्या अधिकाऱ्यावरचा खटला सुरू झालेला आठवत नव्हता. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा दोनेक वर्षं उरली होती आणि आपल्या हातून हा खटला पुरा व्हावा, एवढी एक गोष्ट त्यांनी उघडपणे बोलून दाखवली होती.

प्रत्येक खटल्याची त्या घरी तालीम करत. रात्रीचं जेवण लवकर उरकून व्हरांड्यात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जात. नावं, कार्यालयं, गावं सगळी बदललेली असत. विनायकराव बचावपक्षाचे वकील होत. कायद्याचा त्यांना गंध नव्हता. आयुष्यभर टर्बाइनच्या जोडणीत फट कुठे राहते ते शोधलं होतं, तेच इथे शोधत. गल्लीतून जाताना ते ऐकू येई.

"माझ्या विद्वान मैत्रीणबाईंना विचारायचं आहे, हे गृहस्थ पैसे घेताना तुम्हाला कसे दिसले? मध्ये तर कपाट होतं."

"अहो, कपाट डावीकडे होतं."

"नकाशात उजवीकडे काढलंय."

मग मॅडमचा आवाज: "हे उद्या निरीक्षकांना विचारते." विनायकराव ज्या मुद्द्यावर जिंकत, तो मुद्दा मॅडम कोर्टात मांडत नसत. जिंकले की ते दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीभर सांगत, कोणता मुद्दा ते न सांगता. "काल सरकारला हरवलं," एवढंच.

याच खटल्याच्या एका तालमीत पहिल्या साक्षीदाराची ती गोष्ट बाहेर आली. सापळ्याच्या वेळी यंत्रणेला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात. नोटांना पावडर लावतात. ज्याने नोटा घेतल्या त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. ते सगळं या दोघांनी पाहायचं आणि कोर्टात सांगायचं. ते पोलिसांचे नसावेत, म्हणून जवळच्या सरकारी उपक्रमांकडून माणसं मागवतात. भोपाळात कारखाना हाताशी आहे, तेव्हा फोन बहुधा तिथे जातो.

मॅडम या साक्षीदाराच्या मागच्या तारखेला झालेल्या साक्षीतलं वाक्य वाचून दाखवत होत्या, नाव वगळून: "मेरे समक्ष दोनों हाथ बारी-बारी से धुलवाए गए और घोल का रंग साफ़ गुलाबी हो गया."

विनायकराव बचावाचे वकील असल्याचं विसरले. "हे दुबेजींचं वाक्य आहे."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"अहो, आमच्या स्टोअरचे. कँटीनमध्ये कोणाच्या हातावर रूहअफ़ज़ा सरबत सांडलं की ते हेच म्हणून दाखवायचे. सगळा हॉल हसायचा. 'गवाह साहब' म्हणतात त्यांना. तुमच्याकडून फोन आला की कार्मिक विभाग त्यांनाच पाठवतो."

"नेहमी?"

"बाकीचे इंजिनिअर आजारी पडतात ना फोन आला की. कोर्टाच्या तारखांना कोण जाणार? दुबेजींना आवडतं. गाडी गेटवर घ्यायला येते."

घडलं होतं ते इतकंच. कोणी कोणाला विकत घेतलं नव्हतं. कार्मिक विभागाला नकार न देणारा माणूस हवा होता, शाखेला तारखेला हजर राहणारा आणि न चुकणारा साक्षीदार हवा होता, आणि दुबेजींना सुट्टी व थोडा मान हवा होता. सगळ्यांच्या सोयीने एक माणूस वर्षानुवर्षं स्वतंत्र साक्षीदार म्हणून येत राहिला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही की तो आता स्वतंत्र राहिलेला नाही.

त्या रात्री तालीम पुढे झाली नाही, असं विनायकरावांनी नंतर सांगितलं. मॅडमनी नवऱ्याच्या शब्दावर काही केलं नाही. कारखान्याला रीतसर विचारलं: दुबेजींना याआधी कोणत्या कोणत्या प्रकरणांत पाठवलं होतं? उत्तर म्हणून लांबलचक यादी आली. मग त्या राठौर साहेबांकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं, याला दुजोरा देणारा शाखेतला एकच माणूस होता, म्हणून ते मी छापलं नाही. आता राठौर यांनी स्वतः सांगितलं आहे, म्हणून लिहितो.

"बचाववालों को पता है?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"फिर?"

"फिर अदालत को बताना पड़ेगा."

"मैडम, बड़े का केस आपने बनवाया. मैंने मना किया था, आप अड़ गईं. और अब आप ही—" ते थांबले. "वो छूट जाएगा."

"हो सकता है."

"आपको फ़र्क नहीं पड़ता?"

"बहुत पड़ता है, सर," त्या म्हणाल्या. "इसीलिए बुधवार तक का समय माँग रही हूँ. दूसरे गवाह को बुलवाना है."

बुधवारी त्यांनी ते सांगितलं. कारखान्याचं उत्तर न्यायालयात दाखल केलं, त्याची प्रत बचावपक्षाला दिली, दुबेजींची साक्ष विचारात घेऊ नये अशी विनंती केली आणि दुसऱ्या साक्षीदाराला बोलावलं. ती कारखान्यातली एक तरुण इंजिनिअर होती, पहिल्यांदाच पाठवलेली. बचावपक्षाने तिची उलटतपासणी संध्याकाळपर्यंत घेतली. ती दोनदा अडखळली, एकदा 'मुझे याद नहीं' म्हणाली. पाठ केलेलं बोलत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात दुबेजी उभे होते. कलफ केलेला सदरा, हातात टिफिन. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मैडम, मैंने आज तक झूठ नहीं बोला."

"मुझे मालूम है, दुबेजी."

"तो फिर मेरी बेइज़्ज़ती क्यों?"

"आपने झूठ नहीं बोला. आप बस हर बार आए." मग त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "गलती आपकी नहीं. बुलाने वालों की है. मैंने अंदर वही कहा है, काग़ज़ पर भी है. पढ़ लीजिएगा."

दुबेजींनी प्रत घेतली आणि तिथेच बाकावर बसून वाचली.

एप्रिलमध्ये दिल्लीहून एक समिती आली. यंत्रणा सरकारच्या दबावापासून स्वतंत्र कशी करावी आणि तिचे खटले टिकावेत म्हणून काय करावं, याबद्दल ती राज्याराज्यांत सूचना घेत होती. टी. टी. नगरमधल्या एका सरकारी सभागृहात दिवसभर बैठक चालली. पत्रकारांना बसू दिलं होतं. निवृत्त अधिकारी बोलले, वकील संघटनेचे लोक बोलले. जवळजवळ प्रत्येकाने प्रमुखाची नेमणूक कोणी करावी आणि त्याचा कार्यकाळ किती असावा यावर भाषण केलं. मॅडमचं नाव यादीत शेवटी होतं. शाखेतून त्यांना 'व्यवस्था सुचारू है' असा मसुदा दिला होता. तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते. दिवसभर ऐकून थकले होते. त्यांनी सरळच विचारलं, "मैडम, आप पर ऊपर से दबाव आता है?"

"नहीं आता, सर."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. राठौर साहेब मागे टेकले.

"उसकी ज़रूरत ही नहीं पड़ती," त्या पुढे म्हणाल्या. "जिनकी जाँच पर मुझे राय देनी है, मेरी सालाना रिपोर्ट वही लिखते हैं. फ़ोन किसलिए करेंगे?"

अध्यक्ष पुढे वाकले. मॅडमचा आवाज खाली गेला होता.

त्या म्हणाल्या, यंत्रणेचा वकील तपास करणाऱ्यांच्या हाताखाली नसावा. त्याची वेगळी शाखा असावी, वेगळा प्रमुख असावा. वकिलाचं मत अमान्य झालं तर त्याचं कारण न्यायालयापुढे यावं. साक्षीदार एकाच कार्यालयातून न मागवता अनेक कार्यालयांतून चिठ्ठी टाकून निवडावेत. आपल्या शाखेचं उदाहरण त्यांनी दिलं, दुबेजींचं नाव न घेता. स्वतःची चूकही सांगितली: इतकी वर्षं ते वाक्य त्या ऐकत आल्या होत्या, आणि ते प्रत्येक वेळी तेच का असतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

एका सदस्यांनी विचारलं, "यानी आपके अधीक्षक निष्पक्ष नहीं हैं?"

राठौर समोरच होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"उन्होंने मेरी राय से असहमति लिखी और नीचे दस्तख़त किए," मॅडम म्हणाल्या. "ऐसे अधीक्षक मैंने कम देखे. पर वो अपने राज्य से प्रतिनियुक्ति पर आए हैं. उन्हें भी एक दिन लौटना है. जिनके पास लौटना है, उनके ख़िलाफ़ जाँच करनी पड़े तो क्या करें? आप उनसे हर बार हिम्मत मत माँगिए, सर. ऐसी कुर्सी दीजिए जिस पर बैठकर मामूली आदमी भी सही काम कर ले."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे वळून शेवटचं वाक्य नोंदलं का ते विचारलं. मी तोवर लिहून घेतलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की आजूबाजूच्या सगळ्याच वार्ताहरांनी लिहून घेतलं होतं.

बैठक संपल्यावर मॅडम सिटी बसच्या थांब्यावर उभ्या होत्या. मी विचारलं, "ताई, आता काय होईल?"

"इंद्रपुरीची बस येईल. पण उशीर आहे," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांची बदली गुवाहाटी शाखेत झाली. आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' असं होतं. निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. खटल्याचा अंतिम युक्तिवाद व्हायचा होता. त्यांनी बदली रद्द करायला अर्ज केला नाही. युक्तिवादापर्यंत मुदत मागितली. ती मिळाली. त्यांनी दोन दिवस युक्तिवाद केला आणि तिसऱ्या दिवशी फाइल एका तरुण वकिलाच्या हवाली केली.

भोपाळ स्टेशनवर त्यांना सोडायला विनायकराव, गल्लीतल्या दोन बायका आणि मी होतो. राठौर साहेब सरकारी गाडीने नाही, स्वतःच्या स्कूटरवर आले. त्यांनी मॅडमची बॅग डब्यात ठेवली.

"मेरा भी ऑर्डर आ गया, मैडम," ते म्हणाले. "घर भेज रहे हैं."

"अच्छी पोस्टिंग है?"

"ट्रेनिंग स्कूल."

"पढ़ाइए फिर," मॅडम म्हणाल्या. "शुरू वहीं से होता है."

गाडी हलली. त्या खिडकीशी बसून विनायकरावांना औषधांच्या वेळा सांगत होत्या. ते म्हणत होते, "हो, हो, सगळं रेकॉर्डवर घेतलं." मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

निकाल ऑक्टोबरमध्ये लागला. दोन्ही आरोपी दोषी ठरले, दोघांना कारावासाची शिक्षा झाली. मी निकालपत्राची प्रत हातात घेऊन गुवाहाटीला फोन केला.

"दोघेही?" त्यांनी विचारलं.

"दोघेही."

"दुबेजींच्या साक्षीबद्दल काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं: न्यायालयाने ती साक्ष विचारात घेतलेली नाही, निष्कर्ष दुसऱ्या साक्षीदाराची जबानी आणि ध्वनिमुद्रण यांवर आधारलेला आहे.

"आणि त्या मुलीबद्दल?"

"'स्वाभाविक और विश्वसनीय' असं लिहिलंय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ठेवते आता, माझं प्रकरण पुकारलं आहे."

निकालाविरुद्ध दोन्ही आरोपींनी उच्च न्यायालयात अपील केलं आहे. ते प्रलंबित आहे. प्रमिला झोकरकर डिसेंबरअखेर गुवाहाटी शाखेतून निवृत्त झाल्या. समितीचा अहवाल सरकारला सादर झाला आहे. तो अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. भोपाळ शाखेने या महिन्यात शहरातल्या अनेक सरकारी कार्यालयांना पत्रं पाठवून सापळ्यांसाठी स्वतंत्र साक्षीदारांची नावं मागवली आहेत. पत्राखाली सही नव्या वकिलांची आहे.